बास्केटबॉल : मैदानापासून उपजीविकेपर्यंत

गोंदिया शहराजवळचे बिरसी हे गाव जिल्ह्याबाहेरच्या लोकांना परिचित आहे ते तेथील विमानतळामुळे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात येथे धावपट्टी बांधण्यात आली. पुढे तिच्या आश्रयाने नॅशनल फ्लाइंग ट्रेनिंग इन्स्टिट्यूट ही वैमानिक प्रशिक्षण संस्था उभी राहिली, आणि मार्च २०२२ मध्ये प्रवासी विमानसेवेचाही प्रारंभ झाला. देशाच्या निरनिराळ्या भागांतून येथे येणारे प्रशिक्षणार्थी आपल्या उड्डाणाचा प्रत्येक तास नोंदवहीत लिहून ठेवतात. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण आवश्यक असते. कोणत्या परीक्षा द्यावयाच्या, कोणत्या वैद्यकीय तपासण्या पार पाडावयाच्या, हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. वाट कठीण आणि खर्चाची असली तरी ती कागदावर आखलेली आहे.

याच पंचक्रोशीतील एखाद्या शाळेत वर्गातील सर्वांत उंच मुलाने किंवा मुलीने बास्केटबॉलचा खेळाडू होण्याची इच्छा बोलून दाखविली, तर मात्र अशी नोंदवही त्यांच्या हाती कोणी देत नाही. घरची मंडळी विचारतात, खेळून पोट भरेल काय? या प्रश्नात गैर असे काहीच नाही. धानाच्या शेतीवर संसार चालविणाऱ्या कुटुंबाला मुलांच्या आयुष्यातील आठ-दहा वर्षे पणाला लावताना हा प्रश्न विचारावाच लागतो. त्याचे प्रामाणिक उत्तर असे, की आपल्या देशात बास्केटबॉलपटूची उपजीविका अद्याप मुख्यत्वे नोकरी देणाऱ्या संस्थांच्या संघांतून चालते. परदेशी लीगमधील झगमगाट वर्तमानपत्रांत दिसतो. परंतु बहुसंख्य खेळाडूंचा संसार उभा राहतो तो रेल्वे, सेनादले, पोलीस आणि सार्वजनिक उपक्रम यांच्या आधारावर. ही वस्तुस्थिती ध्यानात घेऊन बारा ते पंचवीस ही वयाची वर्षे नीट आखली, तर खेळ उपजीविकेचे साधन होऊ शकतो; आणि न आखल्यास खेळ व शिक्षण ही दोन्ही हातची जाण्याचा संभव असतो.

खेळाचा उगम आणि स्वरूप

बास्केटबॉल हा कोणा एका व्यक्तीने जाणीवपूर्वक रचलेला खेळ आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात स्प्रिंगफील्ड येथे वायएमसीएच्या प्रशिक्षण शाळेतील शिक्षक जेम्स नेस्मिथ यांनी डिसेंबर १८९१ मध्ये, हिवाळ्यात विद्यार्थ्यांना छपराखाली खेळता यावे म्हणून तो योजला. फळांच्या दोन टोपल्या सज्जाच्या कठड्याला टांगून आणि १३ नियम लिहून त्यांनी खेळास प्रारंभ केला. वायएमसीएच्याच प्रशिक्षकांमार्फत तो भारतात आला. १९२० साली एच. सी. बक यांनी मद्रास येथे स्थापन केलेल्या शारीरिक शिक्षण महाविद्यालयातून बाहेर पडलेल्या शिक्षकांनी तो शाळा-महाविद्यालयांत पोहोचविला. पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा १९३४ मध्ये दिल्लीस झाली आणि १९५० साली बास्केटबॉल फेडरेशन ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली. १९७५ मध्ये आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत भारतीय पुरुष संघाने चौथे स्थान मिळविले, तर १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये तो सहभागी झाला होता.

या खेळाचे मैदान २८ मीटर लांब व १५ मीटर रुंद असते. जमिनीपासून ३.०५ मीटर उंचीवर कडे बसविलेले असते. संघात १२ खेळाडू असले तरी एका वेळी मैदानावर पाचच उतरतात. दहा मिनिटांचे चार डाव असतात, आणि चेंडू ताब्यात आल्यापासून २४ सेकंदांत बास्केटकडे फेक करावीच लागते. त्यामुळे खेळाचा वेग मोठा असतो. उंची हा लाभ खरा. परंतु पाच जणांपैकी चेंडू खेळवीत नेणारा गार्ड उंचीपेक्षा दृष्टी, चपळता आणि निर्णयशक्ती यांवर टिकतो. म्हणून मध्यम उंचीच्या मुलांनी हा खेळ आपला नव्हे असे समजण्याचे कारण नाही. मात्र त्यांनी हातांची सफाई लहान वयातच मिळविली पाहिजे.

महाराष्ट्राची परंपरा

महाराष्ट्रात या खेळाची पाळेमुळे जुनी आहेत. मुंबईतील नागपाडा हा दाट वस्तीचा श्रमिक भाग त्याचे उत्तम उदाहरण होय. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ड यांनी विसाच्या दशकात तेथे उभारलेले नागपाडा नेबरहुड हाउस आणि मस्तान तलावाचे मैदान यांभोवती बास्केटबॉल वाढला. चाळींतील व गल्ल्यांतील मुले संध्याकाळी तेथे जमत, थोरांचा खेळ पाहत आणि तो पाहता पाहता शिकत. या वस्तीतून पुढे आलेले अब्बास मुंतसिर हे रेल्वेकडून व भारताकडून खेळले. १९७० सालचा अर्जुन पुरस्कार त्यांना देण्यात आला. नागपाड्यातील मुलांपाशी पैसा नव्हता आणि प्रशस्त मैदानेही नव्हती. दररोज ठरल्या वेळी उघडे असणारे एक मैदान, तेथे नेमाने येणारे जाणते खेळाडू, आणि चांगला खेळ केल्यास नोकरी मिळते हे शेजारच्याच घरात दिसत असल्याने आलेला विश्वास, एवढीच त्यांची शिदोरी होती.

पुणे आणि नागपूर ही राज्यातील इतर प्रमुख केंद्रे होत. पुण्याच्या शिरीन लिमये यांनी भारतीय महिला संघाकडून आंतरराष्ट्रीय स्पर्धांत खेळ केला आहे. नागपुरात शिवाजीनगर जिमखाना, धरमपेठ क्रीडा मंडळ यांसारख्या संस्थांनी मुलामुलींच्या अनेक पिढ्या घडविल्या.

बिरसीच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. मुंबई-हावडा लोहमार्गावरील गोंदिया स्थानकापासून नागपूर पश्चिमेस सुमारे १३० किलोमीटर आहे, आणि पूर्वेस जवळजवळ तेवढ्याच अंतरावर दुर्ग-भिलाई आहे. भिलाई पोलाद कारखान्याचे प्रशिक्षक राजेश पटेल यांनी छत्तीसगडच्या मुलींच्या बास्केटबॉलला देशात मानाचे स्थान मिळवून दिले. २०१८ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या मुलींनी कनिष्ठ गटांत अनेक राष्ट्रीय विजेतेपदे मिळविली आणि त्यांपैकी अनेकजणी रेल्वेच्या सेवेत रुजू झाल्या. याचा अर्थ असा, की राज्याच्या पूर्व टोकावरचे हे गाव खेळाच्या नकाशावर एकाकी नाही. दोन समर्थ केंद्रांच्या मधोमध ते वसले आहे.

पहिली पायरी : दहा ते चौदा वर्षे

या वयात स्पर्धा जिंकण्यापेक्षा शरीर व हात तयार होणे महत्त्वाचे असते. चेंडू न पाहता तो दोन्ही हातांनी खेळविणे, धावता धावता अचूक पास देणे, उडी मारून गुडघे किंचित वाकवून दोन्ही पायांवर उतरणे, या गोष्टींचा पाया येथेच घातला जातो. उंच मुलाला बास्केटखाली उभे करून केवळ चेंडू झेलावयास लावण्याचा मोह शिक्षकांनी टाळावा. आज वर्गात सर्वांत उंच असलेला मुलगा पुढे मध्यम उंचीचा ठरू शकतो. त्या वेळी त्याला चेंडू खेळविता आला नाही तर त्याची वाट तेथेच खुंटते.

महाराष्ट्रात क्रीडा व युवक सेवा संचालनालयाच्या वतीने १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत शालेय क्रीडा स्पर्धा घेण्यात येतात. जिल्हा, विभाग आणि राज्य अशा पायऱ्या चढत शाळेचा संघ पुढे जातो. गोंदिया जिल्ह्याचा समावेश नागपूर विभागात होतो. म्हणून विभागीय पातळीवर येथील मुलांची गाठ नागपूरच्या कसलेल्या संघांशी पडते. त्या सामन्यात मोठा पराभव झाला तरी निराश होऊ नये. आपण कोठे उणे आहोत हे समजण्याची ती पहिली संधी असते. शाळेत शारीरिक शिक्षणाचे शिक्षक नसल्यास पालकांनी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडे स्पर्धेच्या वेळापत्रकाविषयी व प्रशिक्षण शिबिरांविषयी चौकशी करावी.

निर्णायक कालखंड : चौदा ते अठरा वर्षे

बास्केटबॉलपटूचे भवितव्य बहुधा याच चार वर्षांत ठरते. या काळात स्पर्धांचे दोन प्रवाह समांतर वाहत असतात. एक शालेय स्पर्धांचा, जो राज्य संघामार्फत राष्ट्रीय शालेय स्पर्धेपर्यंत जातो. दुसरा राज्य बास्केटबॉल संघटनेचा, ज्यात सब-ज्युनियर, युथ, ज्युनियर आणि पुढे वरिष्ठ गटाच्या राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा येतात. ग्रामीण भागातील मुले बहुधा पहिल्याच प्रवाहात राहतात, कारण शाळा त्यांना तेथे नेते. परंतु निवड समित्यांची व नोकरी देणाऱ्या संस्थांची दृष्टी दुसऱ्या प्रवाहावर अधिक असते. जिल्हा संघटनेकडे वेळेवर नोंदणी करून निवड चाचणीस उपस्थित राहणे म्हणूनच अगत्याचे आहे. चाचणीची तारीख हुकल्यास ते वर्ष वाया जाते. आणि वयोगटाच्या खेळात वर्ष पुन्हा मिळत नाही.

२०१८ पासून भरविण्यात येणाऱ्या खेलो इंडिया स्पर्धांतही बास्केटबॉलचा अंतर्भाव आहे. या योजनेखाली निवडलेल्या खेळाडूसाठी वर्षाला ६ लाख २८ हजार रुपयांच्या साहाय्याची तरतूद करण्यात आली. त्यात प्रशिक्षण, निवास, आहार यांच्या खर्चाबरोबरच दरमहा १०,००० रुपये खर्चास देण्याची व्यवस्था होती. शेतकरी कुटुंबातील मुलाला घर सोडून प्रशिक्षण केंद्रात राहण्याचे बळ अशा साहाय्यातूनच मिळते. भारतीय क्रीडा प्राधिकरणाची प्रशिक्षण केंद्रेही चाचणी घेऊन खेळाडूंना निवासी प्रवेश देतात.

या टप्प्यावर एक धोक्याची सूचना देणे आवश्यक वाटते. खालच्या गटात खेळता यावे म्हणून वयाचा दाखला बदलण्याचा सल्ला देणारे लोक भेटतात. वैद्यकीय तपासणीत हे उघडकीस येऊ शकते आणि खेळाडूवर बंदी येते. शिवाय खोटा दाखला पुढे नोकरीच्या पडताळणीत आयुष्यभराचा कलंक ठरतो. जन्माचा खरा दाखला, प्रत्येक स्पर्धेचे प्रमाणपत्र, संघाची यादी आणि निकालपत्र यांची एक धारिका घरात सुरुवातीपासून ठेवावी. बिरसीचा प्रशिक्षणार्थी वैमानिक तासांची नोंद ठेवतो, तशीच ही खेळाडूची नोंदवही होय.

महाविद्यालय आणि विद्यापीठ

बारावीनंतर खेळ सोडून शिक्षण घ्यावे की शिक्षण सोडून खेळावे, असा पेच घराघरांत पडतो. वस्तुतः हा पेच खोटा आहे. कारण महाविद्यालय हीच खेळाडूची पुढची पायरी असते. गोंदिया जिल्ह्यातील महाविद्यालये १९२३ साली स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाच्या, म्हणजेच आजच्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या कक्षेत येतात. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतून विद्यापीठाचा संघ निवडला जातो. तो विभागीय आणि अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धांत उतरतो. तेथे रेल्वे व इतर संस्थांचे प्रशिक्षक गुणवान खेळाडूंवर नजर ठेवून असतात.

पदवीचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. खेळाडूंच्या राखीव जागांसाठीही पदानुसार दहावी, बारावी वा पदवी ही किमान पात्रता लागतेच. नोकरीत शिरताना जी पात्रता असेल, तिच्यावर पुढील तीस वर्षांची बढती अवलंबून राहते. खेळाच्या जोरावर सेवेत आलेला परंतु शिक्षण अर्धवट राहिलेला खेळाडू पस्तिशीत मैदान सोडतो, तेव्हा पदवी घेतलेले त्याचे सहकारी पुढे निघून गेलेले असतात.

नोकरी : खरा आधार

देशात बास्केटबॉलपटूंना सर्वाधिक आश्रय भारतीय रेल्वेने दिला आहे. महिलांच्या वरिष्ठ राष्ट्रीय स्पर्धेत रेल्वेचा संघ अनेक वर्षे अग्रेसर राहिला. सेनादले, निमलष्करी दले, राज्य पोलीस दले, आयकर विभाग, तेल व नैसर्गिक वायू महामंडळ यांसारखे सार्वजनिक उपक्रम यांनीही खेळाडूंना सेवेत घेतले आहे. गोंदिया स्थानक ज्या दक्षिण-पूर्व-मध्य रेल्वेत मोडते, तिचे मुख्यालय बिलासपूर येथे आहे.

रेल्वेतील खेळाडू भरतीची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. वयोमर्यादा १८ ते २५ वर्षे असून तीत सवलत दिली जात नाही. एकूण १०० गुणांपैकी ४० गुण मैदानावरील चाचणीस, ५० गुण मान्यताप्राप्त स्पर्धांतील कामगिरीस आणि १० गुण शैक्षणिक पात्रतेस दिले जातात. मैदानावरील चाचणीत ४० पैकी किमान २५ गुण मिळविणाऱ्याचाच पुढे विचार होतो. कामगिरी अलीकडच्या काळातील असावी लागते. वयाच्या सतराव्या वर्षी मिळविलेल्या पदकावर चोविसाव्या वर्षी विसंबून राहता येत नाही. यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, की केवळ प्रमाणपत्र पुरत नाही. त्या दिवशी मैदानावर उतरून खेळून दाखवावे लागते. दुसरी, की पंचविशीनंतर हा दरवाजा बंद होतो.

महाराष्ट्र शासनानेही शासकीय व निमशासकीय सेवांत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण ठेवले आहे. १ जुलै २०१६ च्या शासन निर्णयाने या योजनेचे नियम सुधारण्यात आले. ज्या गटातील पद असेल, त्यानुसार आवश्यक असलेल्या खेळातील कामगिरीची पातळी ठरते. वरच्या पदांसाठी आंतरराष्ट्रीय, तर त्याखालील पदांसाठी राष्ट्रीय व राज्य पातळीवरील यश विचारात घेतले जाते. अर्ज करण्यापूर्वी क्रीडा प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय उपसंचालकांकडून करून घ्यावी लागते. बनावट प्रमाणपत्रांची प्रकरणे उघडकीस आल्यापासून या पडताळणीला विशेष महत्त्व आले आहे. वर सांगितलेल्या धारिकेतील निकालपत्रे व संघयाद्या येथे उपयोगी पडतात.

नोकरीतील खेळाडूची दिनचर्या कशी असते? पहाटे व्यायाम व सराव, दिवसाचा काही भाग कार्यालयात, सायंकाळी पुन्हा सराव आणि स्पर्धांच्या काळात प्रवास, असा साधारण क्रम असतो. मासिक वेतन निश्चित असते. दुखापत झाली तरी चूल पेटती राहते. उत्तम कामगिरी केल्यास वेतनवाढ व बढती मिळण्याची सोय असते. या जीवनात वैभव नसले तरी स्थैर्य आहे. आणि ग्रामीण कुटुंबाच्या दृष्टीने स्थैर्याची किंमत फार मोठी असते.

व्यावसायिक लीग : अरुंद दार

अमेरिकेतील एनबीए ही जगातील सर्वांत श्रीमंत बास्केटबॉल लीग होय. तिच्यात ३० संघ असून प्रत्येक संघात नियमित कराराचे १५ खेळाडू असतात. म्हणजे साऱ्या जगासाठी नियमित कराराच्या जागा साधारण ४५०. मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे २०१३ मध्ये या लीगमधील सॅक्रामेंटो किंग्ज संघाचे प्रमुख मालक झाले, आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये याच संघाचे इंडियाना पेसर्सविरुद्ध दोन सामने वरळीत झाले. मराठी प्रेक्षकांना ही लीग तेव्हा प्रथमच प्रत्यक्ष पाहावयास मिळाली.

या लीगच्या उंबरठ्यापर्यंत गेलेल्या पहिल्या भारतीय खेळाडूची कहाणी खेड्यातील मुलांनी अवश्य जाणून घ्यावी. पंजाबातील बल्लो के या लहान गावातील शेतकऱ्याचा मुलगा सतनाम सिंग लहानपणीच लुधियानाच्या बास्केटबॉल अकादमीत दाखल झाला. २०१० साली शिष्यवृत्ती मिळून तो फ्लोरिडातील आयएमजी अकादमीत गेला. सव्वासात फुटांच्या आसपास उंची लाभलेल्या या युवकाची २०१५ मध्ये डॅलस मॅव्हरिक्स संघाने ५२ व्या क्रमांकावर निवड केली. मात्र एनबीएच्या मुख्य सामन्यात उतरण्याची संधी त्याला मिळाली नाही. दुय्यम लीगमध्ये व पुढे कॅनडात तो खेळला. २०२० मध्ये उत्तेजक द्रव्याच्या प्रकरणी त्याच्यावर दोन वर्षांची बंदी घालण्यात आली; त्यानंतर तो अमेरिकेत व्यावसायिक कुस्तीकडे वळला. खेड्यातून निघून तेथवर पोहोचता येते हे त्याने सिद्ध केले. त्याचबरोबर, तेथे पोहोचणे आणि तेथे टिकणे यांत केवढे अंतर असते, हेही या उदाहरणातून दिसते.

त्याच्यानंतर इतरही काहींनी परदेशी मैदाने गाठली. अमज्योत सिंग अमेरिकेच्या दुय्यम लीगमध्ये निवडला गेला. विशेष भृगुवंशी यांना २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातील ॲडलेड संघाने करारबद्ध केले, आणि २०२० चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. २०१७ साली दिल्लीनजीक सुरू झालेल्या एनबीए अकादमीतून काही मुले अमेरिकेतील महाविद्यालयांत शिष्यवृत्तीवर गेली. ही शिष्यवृत्तीची वाट लीगपेक्षा अधिक व्यवहार्य आहे. कारण तीत पदवी पदरात पडते. मात्र तिच्यासाठी दहावी-बारावीचे चांगले गुण आणि इंग्रजीचे ज्ञान आवश्यक असते.

भारतातही व्यावसायिक लीग उभारण्याचे प्रयत्न झाले. यूबीए ही लीग २०१५ ते २०१७ या काळात चालली आणि बंद पडली. २०२२ मध्ये इंडियन नॅशनल बास्केटबॉल लीग सुरू झाली. तिच्यात मुंबईचाही संघ होता. अशा लीगमधून मिळणारे उत्पन्न व अनुभव यांचे स्वागतच करावे. परंतु लीगचे आयुष्य प्रायोजकांवर अवलंबून असते. तिच्या भरवशावर शिक्षण किंवा हाती आलेली नोकरी सोडणे शहाणपणाचे ठरणार नाही.

मुलींसाठी विशेष संधी

महिला बास्केटबॉलमध्ये स्पर्धक तुलनेने कमी आणि रेल्वेसारख्या संस्थांची मागणी स्थिर, अशी स्थिती आहे. २०१७ मध्ये बंगळूर येथे भारतीय महिला संघाने आशिया चषकाच्या 'ब' गटाचे विजेतेपद मिळविले. गोंदिया-भंडारा भागातील मुली शेतात, घरात आणि शाळेत जे श्रम करतात, त्यातून येणारा काटकपणा या खेळास पूरकच आहे. अडचण येते ती सायंकाळच्या सरावाची, प्रवासाची आणि बारावीनंतर लग्नाच्या घाईची. सरावाची वेळ पहाटेची ठेवणे, संघासोबत शिक्षिका वा एखादी पालक माता असणे, मैदानाजवळ स्वच्छतागृह असणे, या साध्या व्यवस्थांनी अनेक मुलींचा खेळ वाचू शकतो.

शरीराची निगा

घोटा मुरगळणे आणि गुडघ्याचे स्नायुबंध तुटणे या या खेळातील नेहमीच्या दुखापती आहेत. गुडघ्याची इजा मुलींमध्ये अधिक प्रमाणात आढळते. सरावापूर्वी शरीर तापविणे, मांडीच्या स्नायूंना बळकटी देणे आणि उडीनंतर योग्य रीतीने उतरण्याचा सराव करणे यांनी हा धोका पुष्कळसा कमी होतो. सुजलेल्या घोट्यावर लेप लावून दुसऱ्याच दिवशी खेळणे म्हणजे पुढील वर्ष गमावणे होय. अशा वेळी वैद्यकीय सल्ला घ्यावा.

आहाराबाबत सांगावयाचे तर भात हे या भागाचे मुख्य अन्न आहे आणि खेळाडूला शक्तीसाठी ते उपयुक्तच आहे. त्याच्या जोडीला डाळ, अंडी, तलावातील मासळी, दूध, भुईमूग, हिरव्या भाज्या यांतून प्रथिने व लोह मिळाले पाहिजे. बाजारात डब्यांतून मिळणारी, शरीर झपाट्याने कमविण्याचे आश्वासन देणारी चूर्णे डॉक्टरांना विचारल्याखेरीज घेऊ नयेत. त्यांत बंदी असलेले द्रव्य निघाल्यास 'मला ठाऊक नव्हते' हे उत्तर खेळाडूला जबाबदारीतून मुक्त करीत नाही. उन्हाळ्यात विदर्भातील ऊन सिमेंटच्या मैदानावर असह्य होते. त्या दिवसांत सकाळी लवकर सराव आटोपावा.

मैदान सोडल्यानंतर

पस्तिशीच्या सुमारास बहुतेक खेळाडूंचा स्पर्धात्मक खेळ थांबतो. ज्यांना नोकरी आहे त्यांचा प्रश्न सुटलेला असतो. इतरांना प्रशिक्षक, पंच व शारीरिक शिक्षणाचे शिक्षक या तीन वाटा खुल्या असतात. १९६१ मध्ये पतियाळा येथे स्थापन झालेल्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची प्रशिक्षण पदविका देशभर मान्य आहे. विदर्भात अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९१४ पासून व्यायाम व शारीरिक शिक्षणाची परंपरा जोपासली असून शारीरिक शिक्षणाची पदवी तेथे घेता येते. पंचांची परीक्षा खेळत असतानाच देणे इष्ट. नियमांचे सूक्ष्म ज्ञान खेळालाही उपकारक ठरते.

गावाने काय करावे?

मंडईच्या दिवसांत गावोगावी कबड्डीचे सामने रंगतात, कारण त्यासाठी सपाट जमीन आणि उत्साह एवढेच पुरते. बास्केटबॉलला पक्के मैदान लागते हा अडसर खरा आहे. परंतु आता 'तीन विरुद्ध तीन' हा प्रकार पुढे आला आहे. तो अर्ध्या मैदानावर, एकाच बास्केटवर खेळला जातो. प्रत्येक संघात एक राखीव धरून चारच खेळाडू असतात आणि दहा मिनिटांत किंवा २१ गुणांवर सामना संपतो. टोकियो ऑलिंपिकपासून त्याला ऑलिंपिकमध्ये स्थान मिळाले आहे. १५ मीटर रुंद व ११ मीटर लांब अशी काँक्रीटची एक फरशी, एक खांब, एक फळी आणि दिव्याची सोय शाळेच्या आवारात होणे अशक्य नाही. ग्रामपंचायत, शाळा व्यवस्थापन समिती आणि क्रीडा विभागाच्या योजना यांचा मेळ घातल्यास ते साधू शकेल.

मैदान झाल्यावर ते दररोज उघडे राहील आणि तेथे जाणती व्यक्ती नेमाने येईल, ही जबाबदारी गावाने उचलावी. सेवेत असलेले किंवा निवृत्त झालेले खेळाडू, सुटीत घरी आलेले जवान, शाळेतील शिक्षक यांनी आठवड्यातील एकेक दिवस वाटून घेतला तरी काम चालू राहील. त्या मैदानावर खेळणारी सर्वच मुले रेल्वेच्या संघात जाणार नाहीत. बहुतेकजण शेती, व्यापार, शिक्षण, नोकरी यांच्या वाटेने जातील. परंतु ज्या एखाद्या मुलीच्या किंवा मुलाच्या अंगी खरोखर गुण असेल, त्याची निवड चाचणीची तारीख हुकणार नाही, वयाचा दाखला खरा असेल, पदवी पूर्ण होईल आणि पंचविशीच्या आत अर्ज केलेला असेल, एवढे पाहणे पालक, शिक्षक व गावकरी यांच्या हाती आहे. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात स्पर्धांचे वेळापत्रक दरवर्षी उपलब्ध होते. शाळेच्या फलकावर ते लावण्यापासून या कामाचा प्रारंभ करता येईल.